सरांचा वाडा आणि रस्त्यावरची पाटी

(स्नेहमेळाव्याच्या सकाळच्या सत्रातील भाषण)



मी चांगला बोलतो म्हणून मला इथे उभं केलेलं नाही. आठवीतल्या वक्तृत्वस्पर्धेत मी दोन वाक्यं म्हणून खाली उतरलो होतो, हे पुष्कळांना आठवत असेल. नसेल तर आठवण करून द्यायला पाचजण इथे बसलेच आहेत. माझी नोकरी रस्त्यांच्या कामात गेली, आणि आपल्या बॅचने वर्गणीतल्या शिल्लक पैशांतून रस्त्याकडेला एक पाटी लावायचं ठरवलं आहे. पाटी म्हटल्यावर तुम्हाला मी आठवलो. ठीक आहे.

पाटी लावायची आहे ती सरांच्या वाड्याच्या जागी. सरांचं नाव मी भाषणात घेणार नाही. आपल्यात नुसतं 'सर' म्हटलं की इतिहासाचेच सर, बाकीच्यांना विषय जोडावा लागायचा. शिवाय त्यांनी मला बजावून ठेवलं आहे, की नाव घेऊन स्तुती सुरू केलीस तर मी उठून जेवणाच्या मांडवात जाऊन बसेन. ते पहिल्या रांगेतच आहेत आणि दार जवळ आहे.

पाटीवरचा मजकूर आपल्या ग्रुपवर महिनाभर फिरत होता. शेवटचा मसुदा असा होता: 'थोर इतिहासमहर्षी यांचा भव्य ऐतिहासिक वाडा या पावन स्थळी उभा होता.' त्यावर सत्तेचाळीस जणांनी हात जोडले, आणि खरं सांगतो, त्यात मीही होतो. सर ग्रुपवर नाहीत, पण त्यांचा नातू आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला फोन आला. ''काऊन रे, वाडा माझा कधी झाला? पंचवीस रुपये भाडं भरत होतो मी महिन्याला. अन् मालकाने तीन वेळा वाढवून मागितलं.''

मी म्हटलं, ''सर, लोक प्रेमाने लिहितात.''

''प्रेमाने लिहा, पण खरं लिहा. नाहीतर पन्नास वर्षांनी कोणी पोरगं ते वाचेल, अन् त्याला वाटेल मी मालगुजार होतो.''

म्हणून मी आज वाड्याबद्दल बोलणार आहे, आणि पाटीवर काय लिहायचं त्याबद्दल.

नोकरीत लागलो तेव्हा गडचिरोली जिल्हा नुकताच झाला होता. ऑगस्ट १९८२ मध्ये चंद्रपूरचा पूर्वेचा भाग वेगळा झाला आणि आम्हा नव्या पोरांना पहिलं काम मिळालं ते पाट्यांचं. 'जि. चंद्रपूर' पुसायचं आणि 'जि. गडचिरोली' लिहायचं. त्याच्या अठरा वर्षं आधी 'चांदा' पुसून 'चंद्रपूर' केलेलं होतं, आणि काही जुन्या दगडांवर रंग उडाला की खालचा 'चांदा' वर यायचा. आपल्या गावाच्या तर अजून दोन पाट्या आहेत. रस्त्याने आलात तर भद्रावती, रेल्वेने आलात तर भांदक. बाहेरगावच्या पाहुण्याला स्टेशनवर उतरवून घ्यायचं म्हणजे आधी हे समजावून सांगावं लागतं. आजही दोघेजण बल्लारशाला जाऊन परत आले, ती त्यांची चूक नाही.

किलोमीटरच्या दगडाच्या डोक्याचा रंग पाहून रस्ता कळतो. पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग. प्रवाशांसाठी स्थळ दाखवणारी पाटी तपकिरी. आणि पुरातत्त्वाची निळी. विजासनच्या लेण्यांकडे आपण शाळेतून चालत जायचो, तेव्हाही तिथे निळी पाटी होती. १९५८ चा कायदा, स्मारकाची नासधूस केली तर तीन महिने कैद किंवा पाच हजार दंड. आता दोन वर्षं आणि एक लाख झालं आहे. सर आम्हाला त्या पाटीसमोर उभं करून विचारायचे, ''वाचलं? काय कळलं?'' आम्ही म्हणायचो, ''दंड होतो.'' ''आत काय आहे ते कळलं का?'' ते नसायचंच लिहिलेलं. मग आत नेऊन दाखवायचे. डोंगरात सरळ गेलेली लांब गल्ली, टोकाला बसलेले बुद्ध, डाव्या-उजव्या अंगाला आणखी दोन गल्ल्या आणि त्यांच्याही टोकाला मूर्ती. वटवाघळांचा वास. मुली बाहेरच थांबायच्या असं आमचे मित्र आज सांगतात. मला आठवतं ते असं, की आधी मुली आत गेल्या आणि आमच्यातले चारजण बाहेर थांबले.

पाटी वाचून काय कळतं हा सरांचा जुना प्रश्न. तो मला पुण्यात एकदा फार जोरात आठवला.

मुलगा स्पर्धापरीक्षेच्या तयारीला पुण्यात होता. मी भेटायला गेलो की तो मला पुस्तकं घ्यायला अप्पा बळवंत चौकात न्यायचा. ही मुलं त्याला एबीसी म्हणतात. आपल्या बॅचच्या निदान दहा-बारा जणांची मुलं त्या चौकात फिरली असतील. चंद्रपूर, गडचिरोली, नांदेड, जालना, कुठून कुठून आलेली पोरं तिथे इतिहासाची पुस्तकं घेताना दिसतात, जुनी अर्ध्या किमतीत, नवी सवलतीत. मी एका दुकानदाराला विचारलं, ''हे अप्पा बळवंत कोण हो?'' तो म्हणाला, ''काका, कोणत्या परीक्षेला विचारतात ते?'' मुलालाही माहीत नव्हतं. प्रत्येक दुकानाच्या पाटीवर पत्त्यात ते नाव होतं.

घरी आलो आणि सरांना फोन केला. त्यांना सगळं तोंडपाठ. अप्पा बळवंत म्हणजे मेहेंदळे. त्यांचे वडील बळवंतराव मेहेंदळे भाऊसाहेबांबरोबर उत्तरेत गेले आणि पानिपतच्या मोठ्या लढाईच्या महिनाभर आधी, डिसेंबर १७६० मध्ये, एका चकमकीत पडले. अप्पा तेव्हा लहान होते. पुढे सवाई माधवरावांच्या काळात ते नावाजलेले सरदार झाले. सवाई माधवरावांचा अंबारीत तोल गेला, अप्पांनी त्यांना सावरलं आणि म्हणून त्या जागेला अप्पांचं नाव दिलं, अशी गोष्ट पुण्यात सांगतात. सर लगेच म्हणाले, ''सांगतात, असं म्हण. मी कागद पाहिलेला नाही.''

त्या मेहेंदळ्यांच्या घराण्यात पुढे खंडेराव चिंतामण मेहेंदळे झाले. सरदार घराणं, पण यांना नाद जुन्या कागदांचा. ७ जुलै १९१० रोजी त्यांनी आणि इतिहासाचार्य राजवाड्यांनी मिळून भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं. सुरुवातीला मंडळाचा संसार मेहेंदळ्यांच्या वाड्यातच होता. आज मंडळ सदाशिव पेठेत आहे, स्वतःच्या इमारतीत, लाखो मोडी कागद सांभाळून. आणि चौकात तुम्ही उभे राहिलात तर वाडा दिसत नाही. दुकानं दिसतात, दुचाक्या दिसतात, वह्यांचे गठ्ठे डोक्यावर घेतलेले हमाल दिसतात. राहिलं ते नाव, तेही सरदाराचं. ज्याने वाड्याची जागा कागदांसाठी दिली, त्या खंडेरावांचं नाव एबीसीच्या तीन अक्षरांत कुठेच नाही.

राजवाड्यांचं आपण दहावीत वाचलं होतं, दोन ओळी. सरांनी दोन तास सांगितलं होतं. गावोगाव हिंडायचे, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करायचे, कोणाच्या माळ्यावर दप्तर आहे असं कळलं की तिथे जाऊन धरणं धरायचे. लोक द्यायचे नाहीत. कोणाला वाटायचं जमिनीचा दावा लागेल, कोणाला वाटायचं यात खजिन्याची जागा लिहिली आहे. कुणी देतो म्हणायचे आणि तोवर वाण्याने त्या कागदांच्या पुड्या बांधून टाकलेल्या असायच्या. अशा धडपडीतून १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' याचा पहिला खंड निघाला. त्यात १७५० ते १७६१ पर्यंतचे कागद आहेत, म्हणजे पानिपतपर्यंतचे, ज्या मोहिमेत बळवंतराव मेहेंदळे गेले तिचे. असे बावीस खंड. शेवटी धुळ्याला १९२६ च्या डिसेंबरच्या एकतीस तारखेला ते गेले, आणि पुढच्याच महिन्यात धुळेकरांनी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ काढलं.

हा तास झाला तेव्हा मी नववीत होतो. तास संपताना सर म्हणाले, ''तुमच्यापैकी कोणाच्या घरी मोडीतले जुने कागद आहेत?'' माझा हात वर गेला. अख्ख्या वर्गात एकट्याचा. वक्तृत्वात पडलेल्या पोराला असा हात वर करायला मिळणं ही मोठी गोष्ट होती.

माझे पणजोबा एका मालगुजाराकडे दिवाणजी होते. आपल्याकडे १९५१ पर्यंत मालगुजारी होती. मालगुजारी गेली, दिवाणजी गेले, पण लाल खारव्यात बांधलेला एक रुमाल आमच्या घरी माळ्यावर तसाच पडून होता. आजीला विचारलं. ती म्हणाली, ''नेऊन दे मास्तरला. उंदीर होतात त्याने.''

या गोष्टीचा शेवट मी अठ्ठेचाळीस वर्षं कोणाला सांगितला नव्हता. तो थोड्या वेळाने सांगतो, कारण आधी वाड्याकडे जायला हवं.

वाडा तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. नाग मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, उजव्या हाताला. पुढे ओसरी, तिला सागाचे आठ खांब. आपल्या जंगलातला साग, दोन पोरांनी हात धरले तरी कवेत येत नसे. आत चौक, माजघर, परसात विहीर, आणि एका बाजूला माडी. माडीवर सर. जिन्याची चौथी पायरी करकरायची, त्यामुळे सर वरूनच ओळखायचे कोण आलं ते. दोन खोल्या, एक कंदील, पुढे दिवे आले तेव्हा एक चाळीसचा बल्ब, आणि लाकडी पेटीत वह्या. दोनशे पानी, साध्या, बाजारातल्या.

त्या वह्यांत काय होतं ते बघायची आम्हाला फार उत्सुकता. सर गावातल्या म्हाताऱ्यांकडे जायचे, कोळ्यांकडे, गोंड पाड्यांवर, भाजीवाल्या बायांकडे. ज्याने जे सांगितलं ते लिहायचे आणि खाली लिहायचे: अमक्याच्या सांगण्यावरून, तारीख. स्वतः पाहिलं असेल तर: स्वतः पाहिले. पुस्तकात वाचलं असेल तर पुस्तकाचं नाव आणि पान. तीन प्रकार. चौथा प्रकार त्यांच्याकडे नव्हता.

आपल्या गावाबद्दल किती गोष्टी आहेत हे तुम्हाला माहीत आहे. श्यामकर्ण घोडा इथूनच नेला. ती गोष्ट जैमिनीच्या अश्वमेधात आहे, भद्रावतीच्या यौवनाश्व राजाचा घोडा. मग ह्युएनत्संग इथे आला होता. माझे काका हे इतक्या खात्रीने सांगायचे, की जणू त्यांनीच त्याला स्टेशनवरून आणलं. मी निबंधात लिहिलं, 'सातव्या शतकात ह्युएनत्संग आमच्या भद्रावतीस आला, तेव्हा ती कोसल देशाची राजधानी होती.' सरांनी लाल शाईने विचारलं: कोणी सांगितलं?

मग त्यांनी माडीवर बोलावून समजावलं. ह्युएनत्संगने कोसल देश पाहिला हे खरं, तो लिहून गेला. राजधानी कोणती हे त्याने लिहिलेल्या अंतरांवरून शोधावं लागतं. जनरल कनिंगहॅम १८७०च्या दशकात इकडे फिरला, लेणी पाहिली, डोलारा तलावातला दगडी खांबांचा पूल पाहिला आणि त्याने भांदककडे बोट दाखवलं. फर्गसनने वैरागडकडे दाखवलं. नंतरच्या अनेक अभ्यासकांचा कौल छत्तीसगडमधल्या सिरपूरला पडला. मी फार नाराज झालो. म्हणालो, ''मग आपल्याकडे काय राहिलं?''

सर म्हणाले, ''ताम्रपट राहिला ना बापा.'' भांदकला सापडलेला राष्ट्रकूट कृष्ण पहिल्याचा ताम्रपट. शके ६९४, म्हणजे इसवी सन ७७२. ज्याच्या नावाशी वेरूळचं कैलास लेणं जोडलं जातं तोच राजा. सूर्याच्या देवळाला एक गाव दिल्याचं त्यात लिहिलं आहे. ''देऊळ कुठे आहे?'' मी विचारलं. सर म्हणाले, ''ते मला दाखव तू, मोठा झालास की.''

मी मोठा होऊन साइडपट्ट्या भरल्या.

नागपूरची सहल आठवते? सगळ्यांना महाराजबाग आठवते आणि संत्र्याची बर्फी आठवते. सरांनी मात्र अजबबंगल्यात एका दगडासमोर अर्धा तास उभं केलं होतं. आपल्याच जिल्ह्यातला, नागभीडकडच्या देवटेकचा दगड. त्यावर दोन लेख आहेत. पहिला मौर्यांच्या काळातल्या अक्षरांत. मिराशींनी तो वाचला. कोणा अधिकाऱ्याची ताकीद आहे, प्राण्यांना पकडू नका, मारू नका, नाहीतर शिक्षा होईल. दुसरा त्याच दगडावर पाच-सहाशे वर्षांनी कोरलेला, वाकाटक रुद्रसेनाचा. चिक्कम्बुरि इथल्या त्याच्या धर्मस्थानाचा उल्लेख त्यात आहे. चिक्कम्बुरि म्हणजे देवटेकजवळचं चिकमारा, असं मिराशींनी दाखवलं. धर्मस्थान आता नाही. आम्ही तेव्हा कंटाळलो होतो. नोकरीत पाट्या रंगवताना मला त्या दगडाची फार आठवण यायची. जुन्या पाटीवरच नवी पाटी. आणि पहिल्या पाटीवर पुन्हा तेच, दंड होईल!

वाड्याचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात कोणाचा दोष काढण्यासारखं नाही. सर निवृत्त झाले आणि मुलीकडे राहायला गेले. रस्ता रुंद झाला तेव्हा ओसरी गेली. उरलेला वाडा दोन पावसाळ्यांत बसला. वारस चार गावांत विखुरलेले, त्यांनी विकला, आणि सागाचे खांब त्याआधीच एका व्यापाऱ्याने नेले होते. आता तिथे मोबाइलचं दुकान, एक मेडिकल आणि वर कोचिंग क्लास आहे. त्या क्लासमध्ये इतिहास शिकवतात का, हे मी विचारलं. ऐच्छिक आहे म्हणाले.

वह्या सरांनी नेल्या होत्या. अकरा आहेत. एका वहीला पाणी लागलं आहे, बाकी वाचता येतात.

आता माझ्या रुमालाची गोष्ट.

आजी हो म्हणाली तो माघाचा महिना होता. मी उद्या नेतो, परवा नेतो करत राहिलो. मग शिमगा आला. आमच्या गल्लीची होळी बाजूच्या गल्लीपेक्षा लहान दिसत होती आणि मी आमच्या टोळीचा पुढारी. रात्री माळ्यावर चढलो आणि तो रुमाल काढून आणला. कापड तेवढं सोडून ठेवलं, कारण ते मजबूत होतं. कागद जाड होते, एकदम पेटत नव्हते. काठीने उलटवून उलटवून जाळावे लागले. एका कागदावर निळसर शाईने काहीतरी आकृती काढलेली दिसली, तेवढी मला जळताना स्पष्ट दिसली.

सरांना मी सांगितलं, कागद वाळवीने खाल्ले. सर ''अस्सं'' म्हणाले आणि पुढचा धडा सुरू केला. मी सुटलो असं मला वाटलं.

गेल्या महिन्यात पाटीच्या मजकुरावरून त्यांचा फोन आला, तेव्हा बोलता बोलता मी हे सांगून टाकलं. गळा दाटला होता, मला वाटलं ते रागावतील. ते म्हणाले, ''मला त्याच दिवशी कळलं होतं. वाळवीने खाल्लेला कागद थोडा तरी उरतो रे. तू चाळणी झालेला एक तुकडा तरी आणला असतास. तू रिकाम्या हाताने आलास.''

मी काहीच बोललो नाही. मग त्यांनी विचारलं, ''त्यात काय होतं, काही आठवतं का?''

मी ती आकृती सांगितली. एक गोल, त्याला एका बाजूने जाड रेघ, रेघेत मध्ये चौकोन, आणि चौकोनातून निघालेल्या चार-पाच बारीक रेघा, प्रत्येक रेघेच्या टोकाला काहीतरी लिहिलेलं. सर म्हणाले, ''तलाव असेल. ती पाळ, तो तुडूम, अन् त्या पाटाच्या रेघा. टोकाला शेतकऱ्यांची नावं असतील, पाण्याची पाळी कोणाची ते.'' आपल्याकडचे मालगुजारी तलाव, ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो, त्यातल्या एखाद्याच्या पाणीवाटपाचा तो नकाशा असेल. असेल. आता ते कोणालाच नक्की सांगता येणार नाही, आणि त्याचं कारण मी आहे. ज्या गावाचा तो तलाव असेल, त्या गावात आजही पाण्यावरून भांडणं होत असतील.

''थांब जरा,'' सर म्हणाले. फोनमधून कागदाचा आवाज आला. ते बारावी वही काढत होते. मला आकृती पुन्हा सांगायला लावली, सावकाश. मग त्यांनी काय लिहिलं ते वाचून दाखवलं. अमुक विद्यार्थ्याच्या सांगण्यावरून, आजची तारीख, आणि पुढे: 'मूळ कागद जळाला. मी पाहिलेला नाही.' कोणी जाळला ते लिहिलं नाही. मी म्हटलं, ''सर, तेही लिहा.'' ते म्हणाले, ''ते तू मेळाव्यात सांग.''

सांगितलं.

आता पाटी. जागा दुकानासमोर, नाली आणि रस्त्याच्या मध्ये. दुकानदार तयार आहेत, फक्त त्यांच्या बोर्डापुढे येऊ नये एवढीच त्यांची अट. लोखंडी अँगल घेऊ नका, दोन वर्षांत कोणीतरी कापून भंगारात विकेल. हे मी अनुभवाने सांगतो. दगड घ्या. अक्षरं कोरलेली, रंगवलेली नाहीत, म्हणजे रंग उडाला तरी वाचता येईल. खाली काँक्रीटचा पाया दोन फूट. उंची माणसाच्या छातीएवढी, म्हणजे शाळेच्या पोरालाही मान वर न करता वाचता यावी. पुढे कधी रस्ता आणखी रुंद झाला तर दगड उचलून मागे सरकवता येतो, पत्र्याची पाटी मात्र कचऱ्यात जाते. किलोमीटरचे किती जुने दगड मी स्वतः ट्रॉलीत भरून पाठवले आहेत ते विचारू नका.

आणि मजकूर. सरांशी बोलून, दोनदा खोडून, मी असा केला आहे. बदल सुचवायचे असतील तर आत्ताच सुचवा, दगडावर कोरल्यानंतर ग्रुपवर नको.

'या जागी एक जुना मालगुजारी वाडा होता. त्याच्या माडीवर आमचे इतिहासाचे शिक्षक' (इथे नाव येईल, त्याला सरांची हरकत नाही, पुढे कोणतंही विशेषण नाही) 'भाड्याने राहत. भद्रावती परिसरातील लोकांनी सांगितलेली माहिती त्यांनी येथे वह्यांत नोंदवून ठेवली. त्या वह्या शाळेच्या ग्रंथालयात पाहता येतील. हा वाडा कोणी व केव्हा बांधला हे कोणास माहीत असल्यास, अथवा घरी जुने कागद असल्यास, कृपया शाळेत कळवावे.'

खाली आपल्या बॅचचं साल. वर्गणीदारांची नावं नाहीत. यावर दोघांचे फोन आले होते, त्यांची मी माफी मागतो, पण एकसष्ट नावं कोरायची तर दगड विजासनच्या डोंगरातूनच काढावा लागेल.

शेवटचं वाक्य दुसऱ्या मसुद्यात मी काढून टाकलं होतं. मला वाटलं, पाटीने माहिती द्यावी, मागू नये. सरांनी ते परत घालायला लावलं. म्हणाले, एबीसीच्या चौकातही अशी एक ओळ असती तर निदान कोणी विचारलं तरी असतं.

वह्यांसाठी मुख्याध्यापकांनी काचेचं एक कपाट द्यायचं कबूल केलं आहे. बारावी वही मात्र सर अजून देणार नाहीत, ती चालू आहे. आज मेळाव्याला येताना ते ती पिशवीत घेऊन आले आहेत. ज्यांच्या घरी काही कागद असतील, किंवा होते, त्यांनी जेवणानंतर त्यांच्याजवळ जाऊन बसा. सावकाश आणि मोठ्याने बोला, उजव्या कानाने ऐकू येतं.

नगरपरिषदेला द्यायच्या अर्जावर सह्या हव्यात. अर्ज नोंदणीच्या टेबलावर ठेवला आहे, पेनही बांधून ठेवलं आहे. वरण-भाताला बोलावण्याआधी सह्या करून घ्या, कारण एकदा पंगत बसली की तुम्हाला कोणी उठवू शकत नाही, हे मला १९७८ पासून माहीत आहे.